ड्रममधली मॉइना लाल झाली, आणि धुरानंतर एकच ड्रम मेला. असं का?

गप्पीवाला (धनकवडी), रात्री १०:४०

मंडळी, प्रश्न जरा किडा टाइप आहे पण इथे जाणकार खूप आहेत म्हणून टाकतोय. गच्चीत माझे दोन निळे ड्रम आहेत, अर्धे कापलेले, त्यात माशांच्या पिल्लांना खायला मॉइना वाढवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मॉइना म्हणजे डॅफ्नियाच्या घराण्यातली, टाचणीच्या डोक्याहून लहान, पाण्यात टुणटुण उडत राहते म्हणून पाणपिसू म्हणतात पण पिसूशी काही संबंध नाही, कोळंबी-खेकड्यांच्या भावकीतली आहे.

एक ड्रम पाण्याच्या टाकीखाली सावलीत, दुसरा उघड्यावर. मार्चपर्यंत दोन्हीकडे सेम फिकट रंग. एप्रिलचं ऊन लागलं आणि उघड्यावरचा ड्रम विटकरी लाल! काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरलं तर पाणी स्वच्छ, प्राणीच आतून लाल, पाठीवरच्या पिशवीतली अंडीसुद्धा गुलाबी. सावलीतल्या मात्र होत्या तशाच.

मग गेल्या आठवड्यात सोसायटीत संध्याकाळी डासांची धूरफवारणी झाली. सकाळी जाऊन बघतो तर उन्हातल्या ड्रमच्या तळाशी लाल गाळ, एकही हलत नाही. सावलीतल्या थोड्या मेल्या, बाकीच्या मजेत. दोन्ही ड्रम एकाच वाटीतून सोडलेले, खाणं एकच, यीस्ट आणि हिरवं पाणी. तर लाल झाल्या म्हणजे आधीच आजारी होत्या का? आणि धूर एकच असताना एक ड्रम मेला आणि एक वाचला, हे कसं?

मिसळप्रेमी, रात्री १०:५२

काही कळलं नाही पण वाचतोय. चटई टाकून बसलोय.

डबक्यातला_बेडूक, रात्री ११:३०

आजारी नव्हत्या रे, उलट बंदोबस्त करत होत्या. या मंडळींच्या रक्तात हिमोग्लोबिन मोकळं विरघळलेलं असतं, आपल्यासारखं पेशीत कोंडलेलं नाही. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असला की ते नावापुरतं असतं म्हणून फिकट दिसतात. ऑक्सिजन पडला की हिमोग्लोबिनची जीन्स जोरात चालू होतात, काही दिवसांत प्रमाण कित्येक पटींनी वाढतं, आणि अंग पारदर्शक असल्यामुळे तो लालपणा आपल्याला बाहेरून दिसतो. अंड्यांतही आई तेच भरते.

आता ऑक्सिजन का पडला ते बघ. २० अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशाला सातच्या आत, पुण्याच्या उंचीवर अजून थोडा कमी. आणि गरम पाण्यात जनावराचं हृदय, श्वास, भूक सगळंच पळायला लागतं, दहा अंश वाढले की ऑक्सिजनची गरज ढोबळमानाने दुप्पट. म्हणजे पुरवठा कमी आणि मागणी डबल. त्यात तुझं यीस्ट, आणि रात्री हिरव्या पाण्यातलं शेवाळसुद्धा ऑक्सिजनच खातं, त्यामुळे पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. तुझा धूर संध्याकाळी आला आणि लगोलग पहाट आली, हे लक्षात ठेव, नंतर लागेल.

उगाच_शंका, रात्री ११:४४

म्हणजे एका महिन्यात उत्क्रांती झाली म्हणायची का? आमच्या व्हॉट्सअप ग्रुपवर तर रोज कोणीतरी लिहितं की डास आता ऑलआउटला उत्क्रांत झालेत.

निवृत्त_मास्तरीण (सदाशिव पेठ), सकाळी ७:१५

उगाच_शंका, ही उत्क्रांती नव्हे बाळा. चांगले दिवस असले की मॉइनाच्या माद्या नराशिवायच पिल्लं घालतात, सगळी आईची हुबेहूब नक्कल. जीन्स तीच, पाणी बदललं, अंग बदललं. तीच लाल मादी हवा सोडलेल्या गार पाण्यात ठेवली तर काही दिवसांत पुन्हा फिकट पडायला लागेल. याला लवचिकपणा म्हण. उत्क्रांती म्हणजे पिढ्यांमागून पिढ्या कोणती कुळं उरली आणि कोणती संपली त्याचा हिशोब.

मात्र या प्राण्यांमध्ये खरी उत्क्रांतीही डोळ्यांदेखत बघता येते आणि ती कशी बघतात ते फार सुंदर आहे. दिवस वाईट आले, म्हणजे गर्दी झाली, खाणं संपलं, की या माद्या नर पिल्लं घालतात आणि मग मीलनातून जाड कवचाची काळी अंडी तयार होतात. ती तळाच्या गाळात जाऊन बसतात, वर्षानुवर्षं. तळ्याचा गाळ थरांचा असतो, प्रत्येक थराचं वय काढता येतं, त्यातली अंडी उबवली की आजी, पणजी आणि नात एकाच टेबलावर जिवंत! अमेरिकेत मिनेसोटातल्या एका तळ्याच्या गाळातली साधारण सातशे वर्षांपूर्वीची डॅफ्नियाची अंडी उबवलेली आहेत.

युरोपात कॉन्स्टन्स नावाचं मोठं तळं आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत त्यात सांडपाण्याचं फॉस्फरस वाढलं आणि विषारी निळं-हिरवं शेवाळ माजलं. त्या आधीच्या थरातल्या डॅफ्नियांना ते शेवाळ खायला घातलं तर वाढ खुंटली, नंतरच्या थरातल्या बऱ्यापैकी वाढल्या. १९९९ साली ते छापून आलं. याला म्हणायचं उत्क्रांती.

मिसळप्रेमी, सकाळी ८:०२

आजी आणि नात एका टेबलावर, मास्तरीणबाई _/\_ . आमच्या पाषाण तलावाच्या गाळात कोण कोण झोपलं असेल काय माहीत.

उगाच_शंका, सकाळी ९:२०

मास्तरीणबाई, आदर आहेच पण एक शंका (नावच तसं आहे). गप्पीवाल्याने एका वाटीतून सोडल्या म्हणतोय, एका मादीपासून नाही. वाटीत शेकडो माद्या, त्यांत चार-पाच वेगवेगळी कुळं सहज असतील. मॉइना आठवड्याच्या आत वयात येते, म्हणजे एप्रिलमध्ये कित्येक पिढ्या झाल्या. उन्हातल्या ड्रममध्ये जे कूळ जास्त हिमोग्लोबिन बनवतं तेच उरलं असेल तर? मग लाल रंग ही निवड झाली, नुसता लवचिकपणा नाही.

निवृत्त_मास्तरीण, सकाळी ९:४१

शाब्बास. ही शंका उगाच नाही. दोन्ही एकदम झालेलं असू शकतं, आणि निसर्गात बहुतेक वेळा तसंच होतं. लवचिकपणा आधी वेळ मारून नेतो, तेवढ्यात निवड आपलं काम करते.

भोसरीकर, दुपारी १:१०

लंच ब्रेकमध्ये टाइप करतोय, चुका पोटात घाला. मी सांडपाणी तपासणीच्या लॅबमध्ये आहे. दोन मुद्दे.

पहिला, धुरात काय होतं ते विचारलंत का? कारण त्यावर सगळी गणितं उलटी होतात. पायरेथ्रॉइड जातीची औषधं थंडीत जास्त मारतात, उन्हात कमी, डीडीटीचंही तसंच. याउलट मॅलाथिऑनसारखी ऑर्गनोफॉस्फेट गरमीत जास्त मारतात, कारण मॅलाथिऑन स्वतः तेवढं जहाल नाही, किड्याच्या अंगात गेल्यावर त्याचाच एन्झाइम त्याचं मॅलाऑक्सॉन करून देतो आणि ते खरं विष. गरमीत हा कारखाना जोरात चालतो.

दुसरा मुद्दा, आणि हा माझा जुना राग आहे. जगभर एखादं रसायन पाण्यात किती चालेल हे ठरवायला जी ठरलेली टेस्ट आहे ती याच डॅफ्नियावर होते. एक दिवसाच्या आतली पिल्लं, ४८ तास, २० अंशांच्या आसपास, स्वच्छ पाणी, ऑक्सिजन फुल्ल, आणि एकच रसायन. किती पिल्लं हलेनाशी झाली ते मोजायचं. आपल्याकडे कारखान्याच्या सांडपाण्याला माशांची टेस्ट आहे, निव्वळ सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत पाहिजेत. टेस्ट वाईट नाही, पण मे महिन्यात भिडे पुलाखाली २० अंशाचं, ऑक्सिजनवालं, एकाच रसायनाचं पाणी कोणी बघितलंय का सांगा. तिथे साबण आहे, अमोनिया आहे, गरमी आहे, जलपर्णीखालची सावली आहे, सगळं एकदम.

गप्पीवाला, संध्याकाळी ६:३०

वॉचमनकाकांनी फवारणीवाल्याला फोन लावून दिला. मॅलाथिऑन होतं, डिझेलमध्ये. अजून काही विचारायच्या आत त्याने फोन ठेवला.

उगाच_शंका, संध्याकाळी ६:४४

मग भोसरीकरांचं गणित बसतंय असं वाटतं. पण थांबा. सावलीतला ड्रम टाकीखाली आहे म्हणजे त्यावर छप्परच झालं ना? धुराचे थेंब त्यात कमीच पडले असणार. आणि डिझेलचा तवंग उघड्या ड्रमवर जास्त, तोही हवा अडवणार. ऊन, ऑक्सिजन, औषध, तवंग, चार गोष्टी एकदम बदलल्या आहेत. यावरून काहीही सिद्ध होत नाही.

डबक्यातला_बेडूक, रात्री ९:०५

सिद्ध होत नाही, कबूल. पण गप्पीवाल्याच्या ड्रममध्ये जे झालं त्याच्या जवळ जाणारा प्रयोग होऊन गेलाय. १९९५ साली डॅफ्निया पुलेक्सवर तीन गोष्टी सुट्या आणि एकत्र लावून बघितल्या होत्या: कमी ऑक्सिजन, कीटकनाशक, आणि शिकाऱ्याचा वास. शिकारी म्हणजे काचेसारखी दिसणारी एक चिलटाची अळी, तिचा नुसता वास पाण्यात आला तरी डॅफ्नियाची पिल्लं मानेवर काटे काढतात, गिळायला अवघड जावं म्हणून. तिन्ही एकत्र आल्यावर झालेलं नुकसान सुट्या सुट्या नुकसानांच्या बेरजेपेक्षा जास्त निघालं.

असं का होतं हे मला विचारशील तर मी नेहमी महिन्याच्या पगारावर आणतो. पगार ठरलेला, हिमोग्लोबिन बनवा, मानेचे काटे काढा, विष पचवा, अंडी घाला, सगळे हप्ते त्यातूनच. दोन हप्ते चालले असताना तिसरा निघाला की घर बसतं. त्यात औषध पचवायला जे एन्झाइम लागतात तेही ऑक्सिजन वापरूनच काम करतात, म्हणजे नेमका जो माल कमी पडलाय तोच.

पण एक सांगतो, आणि हे लोकांना पटत नाही. दोन ताण आले की नेहमी जास्तच नुकसान होतं असं नाही. गोड्या पाण्यातल्या अशा जोडताणांच्या प्रयोगांचा एक मोठा एकत्रित आढावा २०१६ ला आला, त्यात बेरजेपेक्षा जास्त नुकसान २८ टक्के ठिकाणी, आणि बेरजेपेक्षा कमी ४१ टक्के ठिकाणी.

मिसळप्रेमी, रात्री ९:१९

कमी? दोन त्रास एकत्र आणि नुकसान कमी? मग मला बायकोला सांगता येईल.

डबक्यातला_बेडूक, रात्री ९:३३

सांगू नका, फसाल. कमी येण्याचं कारण बऱ्याचदा असं की पहिल्या ताणानेच नाजूक मंडळी संपलेली असतात, दुसऱ्याला मारायला कोणी उरतच नाही. जे उरलेत ते निबर. मुळा-मुठेच्या संगमावरच्या काळ्या चिखलात नवीन विष टाकून टेस्ट केली तर रिपोर्ट येईल की परिणाम नगण्य. कारण तिथे आहेत कोण? ट्युबिफेक्स, म्हणजे गाळातले बारीक लाल जंत, आणि लाल अळ्या.

दुसरं कारण जरा चांगलं आहे. एका ताणासाठी उघडलेलं दुकान कधीकधी दुसऱ्यालाही उपयोगी पडतं. उष्णतेत प्रथिनं वाकडी होतात, ती सरळ करायला हीट शॉक प्रथिनं बनतात, तीच प्रथिनं जड धातूंच्या वेळीही कामाला येतात. म्हणून आधी थोडं ऊन सोसलेला किडा पुढचा तडाखा कधीकधी जास्त सोसतो. थोडं ऊन, हे महत्त्वाचं.

नदीकाठचा (मुंढवा), रात्री १०:२०

लाल अळ्यांचा विषय निघालाच आहे तर. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या केशवनगर-खराडी पट्ट्यात नदीवर किड्यांचे उंच भोवरे उठले होते, व्हिडिओ देशभर फिरला, चॅनेलवाले डासांचं वादळ म्हणत होते. आम्ही खिडक्या बंद करून बसलेलो. तर असे थवे नर करतात, माद्यांना बोलवायला, आणि डासांसारखीच दिसणारी पण न चावणारी एक जात आहे, कायरोनोमिड, ते पण असेच खांब करतात. त्यांच्याच अळ्या म्हणजे दुकानात माशांना मिळणारे ब्लडवर्म. त्यांच्यातही हिमोग्लोबिन, म्हणून लाल.

मी दर वर्षी पोरांना घेऊन पानशेतच्या वरच्या ओढ्यांवर जातो. तिथे दगड उलटा केला की खाली चपट्या, तीन शेपट्यांच्या मेफ्लायच्या अळ्या पळापळ करतात, कडेने कल्ले हलत असतात पिसांसारखे. खडकवासल्याच्या खाली शहरात तोच दगड उलटा करा, हाताला काळा गाळ आणि त्यात लाल दोऱ्यासारखं वळवळणारं. नदी तीच. प्रदूषण बोर्डाचा रिपोर्ट बघायची गरज नाही मला, दगड पुरे.

निवृत्त_मास्तरीण, सकाळी ७:०५

नदीकाठचा, छान लिहिलंत. पण त्या लाल दोऱ्यांना कमी लेखू नका. ट्युबिफेक्सच्या भावकीतला लिम्नोड्रिलस म्हणून एक जंत आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या वर हडसन नदीला फाउंड्री कोव्ह नावाची छोटी खाडी आहे, तिथे १९५० च्या दशकापासून बॅटरीच्या कारखान्याने कॅडमियम सोडलं, प्रचंड. त्या चिखलातल्या जंतांनी कॅडमियम पचवायची ताकद कमावली, आणि ती त्यांच्या पिल्लांतही उतरत होती, नुसती सवय नव्हती. मग १९९४-९५ मध्ये तो गाळ काढला. त्यानंतर ९ ते १८ पिढ्यांत ती ताकद जवळजवळ गेली!

गेली का? तर ती फुकट नव्हती. कॅडमियम नसताना ती बाळगणाऱ्यांपेक्षा न बाळगणारे सरस ठरले असणार, शिवाय बाहेरून साधे जंतही येत राहिले. आणि त्या ताकदीचा तोटा आजूबाजूच्यांनाही झाला होता. जंत विष सोसून अंगात साठवून धरायचे, मरायचे नाहीत, मग त्यांना खाणाऱ्या छोट्या कोळंबीच्या पोटात ते सगळं जायचं.

माझ्या मते तुमच्या धाग्याचा गाभा इथे आहे. एका संकटाला पक्का झालेला जीव दुसऱ्या संकटाला कच्चा होऊ शकतो. डॅफ्नियावरच २०११ चं काम आहे: कार्बारिल नावाच्या कीटकनाशकात काही पिढ्या वाढवल्या, त्या औषधाला पक्क्या झाल्या, पण परजीवी जिवाणूला जास्त बळी पडायला लागल्या. दुसऱ्या एका प्रयोगात, परदेशात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात ना, त्या खारट पाण्यात डॅफ्निया काही पिढ्यांत सरावल्या, आणि त्यांचं दिवसरात्रीचं आतलं घड्याळ बिघडलं. मिठाचा आणि घड्याळाचा काय संबंध? पण दिवसा खोल जाऊन माशांपासून लपायचं तर घड्याळ लागतंच की.

पांढरं_सोनं (मूळ यवतमाळ, सध्या हिंजवडी), सकाळी ११:५०

मी शेतकऱ्याचा पोरगा, पोटासाठी आयटीत. तुम्ही सगळे प्रयोगशाळेचं बोलताय, आमच्या वऱ्हाडात हा प्रयोग लाखो हेक्टरवर झाला आणि बिल आम्ही भरलं.

२००२ ला बीटी कापूस आला, म्हणजे अळी मारणारं विष स्वतःच बनवणारी कपाशी, एका जीनची. २००६ ला दोन जीनचा, बोलगार्ड दोन. कल्पना अशी की दोन वेगळी विषं एकदम, एकाला टिकणारी अळी दुसऱ्याला मरेल, दोन्हींना टिकणारी लाखात एखादी. आणि ती एखादी निघालीच तर तिला जोडीदार मिळावा साधा, म्हणून शेताच्या कडेने बिगर बीटीच्या ओळी लावायच्या, त्यासाठी पाकिटाबरोबर छोटं पाकीट यायचं. खरं सांगू? ते पाकीट बहुतेकांच्या घरी तसंच पडून असायचं. दोन-तीन एकर जमीन, त्यात अळीसाठी कोण कपाशी लावणार बाप्पा. मी शेतकऱ्याला दोष देणार नाही, कंपनीनं आणि सरकारनं ते कधी नीट समजावलंच नाही.

आणि दोन विषं एकदम आलीच नाहीत. एका जीनवाला कापूस चार वर्षं आधीच शेतात, म्हणजे गुलाबी बोंडअळीला पहिल्या विषाची शिकवणी आधीच चालू. २०१० पर्यंत गुजरातेत ती पहिल्याला टिकते हे जाहीर झालं. मग दोन जीनवाल्यातही खरं काम एकाच विषाचं उरलं. त्यात आपलं बियाणं हायब्रीड, त्यामुळे एकाच बोंडात काही सरक्यांत दोन्ही विषं, काहींत एक, काहींत काहीच नाही, अळीला सराव करायला याहून सोयीचं काय. वर फरदड, म्हणजे वेचणी झाली तरी पाणी देऊन मार्चपर्यंत कपाशी उभी, अळीला बारमाही खानावळ. २०१७ ला डोमकळ्या, म्हणजे अळी आत बसल्यामुळे न उमलणारी फुलं, दिसायला लागल्या तोवर उशीर झाला होता, बोंड फोडलं की आत कवडी, म्हणजे खराब झालेला कापूस. मग औषधावर औषध मिसळून फवारणी, आणि त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने माणसं गेली.

तीच अळी अमेरिकेनं संपवली, २०१८ ला तसं जाहीर केलं. तिकडे बीटी होतंच, आधी बिगर बीटी कपाशी होती, आणि नंतर तिच्या जागी विमानाने वांझ केलेले पतंग सोडले, करोडोंनी. म्हणजे ताण अनेकच लावले पण वेगवेगळ्या दिशांनी. आम्ही एकाच दिशेने जोर वाढवत गेलो.

भोसरीकर, दुपारी १:२५

पांढरं_सोनं, वाचून सुन्न झालो. आणि शेवटचं वाक्य लाखमोलाचं, डासांनाही तेच लागू. मच्छरदाण्यांमध्ये आता पायरेथ्रॉइडबरोबर पिपेरोनिल ब्युटॉक्साइड घालतात, ते स्वतः मारत नाही, किड्याचा विष पचवणारा एन्झाइम बंद पाडतं. निबर डासावर पायरेथ्रॉइड परत चालायला लागतं. पण हेच जर मॅलाथिऑनबरोबर वापरलं तर? त्याच जातीचा एन्झाइम मॅलाथिऑनला जहाल करतो म्हणालो ना, तो बंद झाला तर विष उलट कमी चढू शकतं. कोणतं कशाबरोबर हे माहीत नसताना मिसळायचं नाही.

मधुबन (औंध), दुपारी २:०५

मधमाश्यांमध्ये तर हे रोजचं झालंय. काही बुरशीनाशकं, पिकाला लागणारी, मधमाशीला एकटी फारशी मारत नाहीत. पण ती मधमाशीचे तेच एन्झाइम दाबतात, आणि मग त्याच फुलावरचं कीटकनाशक किती तरी पट जहाल होतं. लेबलवर मात्र मधमाश्यांना सुरक्षित. मी गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संस्थेत पेट्यांचं प्रशिक्षण घेतलं होतं, तेव्हापासून शेजारच्या बागवाल्यांना विनवतेय की फुलोऱ्यात दोन्ही एकत्र मारू नका आणि मारायचंच तर संध्याकाळी. एक दादा ऐकतात, बाकीचे हसतात.

उगाच_शंका, दुपारी ३:३०

मग निसर्गात जे किडे कायमच चार ताणांत जगतात त्यांचं काय? त्यांना तर सवय असायला पाहिजे. सड्यावरच्या डबक्यातले वगैरे. बेडूकराव, तुमचंच खातं.

डबक्यातला_बेडूक, रात्री १०:१०

आलो. सह्याद्रीच्या सड्यांवर कातळात जी उथळ डबकी भरतात ना पावसात, त्यात फेअरी श्रिम्प असतात, पारदर्शक, पोट वर करून पोहतात, पायांची लाट चालू असते सारखी. २०१४ साली एका जातीला नावच सह्याद्रीचं दिलंय, स्ट्रेप्टोसिफॅलस सह्याद्रिएन्सिस. या डबक्यात पावसाची उघडीप पडली की दुपारी पाणी तापतं, रात्री गार, आटायला लागलं की क्षार वाढतात, ऑक्सिजन पडतो, आणि मग सगळं कोरडं ठाक, एप्रिल-मेमध्ये कातळावर पाय ठेववत नाही. तेवढं सगळं सोसायला त्यांच्याकडे एकच युक्ती: झटपट वाढा, कवचाची अंडी घाला आणि मरा. अंडी कोरड्या मातीत पुढच्या पावसाची वाट बघतात, आणि सगळी एकाच पावसाला फुटत नाहीत, काही मागे राहतात, पहिला पाऊस दगा देऊन गेला तर.

म्हणजे सवय आहे, पण कशाची ते बघ. ऊन, आटणं, खारटपणा हे दर वर्षी साधारण त्याच क्रमाने येतात. त्या क्रमाला त्यांचं शरीर बसलंय. पावसाळ्यातच मोठी उघडीप पडून अंडी घालायच्या आत डबकं आटलं, किंवा गाड्या धुतलेलं पाणी आलं, किंवा सडाच खोदला, तर जुनी सवय कामाची नाही.

आणि दोन नवे ताण एकदम आले तर उत्क्रांती किती धावते हेही बघून झालंय. समुद्रातला अकार्शिया नावाचा कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्याच भावकीतला, तांदळाच्या दाण्याहूनही बारीक जीव, माशांच्या पिल्लांचं मुख्य खाणं. त्याला गरम आणि आम्लधर्मी पाणी एकत्र देऊन २५ पिढ्या वाढवलं, २०२१ ला छापून आलं. सुरुवातीला आपटला, मग काही पिढ्यांत बराच सावरला, पण पूर्ण नाही, आणि पुढच्या पिढ्यांत कमावलेलं थोडं गमावलंही. एकेकट्या ताणाचे निकाल बघून हे कोणी सांगू शकलं नसतं.

आपल्या पुण्यातल्या आयसर या विज्ञान संस्थेतही अशा धर्तीचं काम झालंय, जिवाणूंवर. आम्ल, मीठ, पेरॉक्साइड असे ताण कधी कोणता येईल याचा नेम नाही अशा पद्धतीने पिढ्यान्पिढ्या लावले. तेव्हा ते जिवाणू आधी कधी न पाहिलेल्या विषांनाही जास्त टिकले, कारण नको ते बाहेर फेकणारे पंप वाढले होते. किड्यांना हे जसंच्या तसं लागू नाही, जिवाणूंची संख्या आणि वेग वेगळाच. पण बेनेम ताण कधीकधी सर्वसाधारण तयारी करून घेतो एवढं खरं.

गप्पीवाला, रात्री १०:३८

डोकं भरलं पण मजा आली. मला आता हे नीट करून बघायचंय. एक बादली उन्हात एक सावलीत, दोन्हीत तेवढंच औषध, बास?

उगाच_शंका, रात्री १०:५१

नाही ना! औषध न घातलेल्याही पाहिजेत दोन्हीकडे, नाहीतर उन्हानेच मेल्या की औषधाने ते कसं कळणार. चार बादल्या कमीत कमी. आणि प्रत्येकीच्या तीन-चार जुळ्या, एका बादलीवर कोण विश्वास ठेवतो.

भोसरीकर, रात्री ११:०२

औषध घरी आणू नका कृपया, गच्चीवर लहान मुलं येतात. मीठ घ्या. साधं मीठ, आयोडीन नसलेलं, थोडं थोडं वाढवत. ताणाला ताण आणि कोणाला अपाय नाही. मी ऑक्सिजन मीटर शनिवारी लॅबमधून विचारून आणतो, पहाटे पाच-साडेपाचला रीडिंग घ्यावं लागेल, उठायची तयारी ठेवा.

डबक्यातला_बेडूक, रात्री ११:१५

मिठाची आयडिया बरोबर. फक्त उन्हातल्या अर्ध्या बादल्यांमध्ये एअर पंप लावा, म्हणजे गरमी आणि ऑक्सिजन वेगळे काढता येतील, नाहीतर दोघांचं श्रेय उन्हालाच जाईल. बादल्या सगळ्या एका रंगाच्या. यीस्ट मोजून. आणि सावलीच्या ड्रममधून आत्ताच एक अंडीवाली मादी ड्रॉपरने उचलून वेगळ्या बरणीत टाक, तिची लेकरं वाढू दे, मग सगळ्या बादल्यांत तिचीच पिल्लं सोड. वाटीतून सोडलीस तर उगाच_शंका परत येतील आणि यावेळी आपल्याकडे उत्तर नसेल.